हवामानबदलाचा दुर्बल घटकांच्या आरोग्यावर होणारा असमान परिणाम, यावर पीएचडी करायची आहे. डेटा कुठून घ्यावा?

डेटा मिळेल हो. तापमान हवामान केंद्राकडून घ्या, मृत्यू नोंदणीतून काढा, दोन्ही जुळवा, पेपर तयार. माझ्या गाईडनीही मला हेच सांगितलं होतं, म्हणून तर उत्तर लिहायला बसले.

माझा विषय बांधकामावर काम करणाऱ्या बायकांचा. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, 'दिवसभरात किती पाणी पिता?' बहुतेकींचं उत्तर एक-दोन ग्लास. सरांनी तो रकाना पाहिला आणि 'जागृतीचा अभाव' म्हणून मोकळे झाले. मला पटेना. पुन्हा गेले, भर दुपारी दोनला. एकीने बाटली दाखवली, गळ्यापर्यंत भरलेली, हाताला चटका बसेल इतकी तापलेली. म्हणाली, "ताई, पाणी पिऊन जाऊ कुठे?" साइटवर संडासच नव्हता. अंधार पडेपर्यंत ती थांबायची. लघवीची जळजळ तिच्या लेखी आजार नव्हता, "ते असतंच." आणि संडासाचा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत नव्हता. लांबते म्हणून तो मीच गाळला होता.

तापमानाचंही तेच. केंद्रातला तापमापक सावलीतली, मोकळी हवा मोजतो. मी या बायकांच्या पत्र्याच्या खोल्यांत लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं, टांगले, तर मध्यरात्रीही आकडा उतरेना. सर म्हणाले, आउटलायर आहेत, म्हणजे बाकीच्यांपासून फार वेगळे पडणारे आकडे, काढून टाक. अहो, प्रबंध ज्यांच्यावर होता तीच ही माणसं!

मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा 'हृदयक्रिया बंद' एवढंच येतं, ऊन कुठे दिसत नाही. म्हणून नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली ते मोजतात. शिकागोत जुलै १९९५च्या उष्णतेच्या लाटेत असे ७३९ जास्तीचे मृत्यू निघाले. एकटं राहणाऱ्यांना धोका जास्त होता, पण ते कळायला घरोघरी जाऊन विचारावं लागलं. तेव्हा आधी प्रश्नावलीशिवाय चार दुपारी तिथे बसा, संडास-पाण्याचे प्रश्न पहिल्या पानावर घ्या, डेटासेट नंतर उतरवा.

माझा नमुना लहान होता, हेही सांगते. जळजळीचा सगळा दोष उन्हावर टाकता येत नाही, आणि मोठ्या आकड्यांशिवाय धोरणवाले ढिम्म हलत नाहीत, हे सरांचं म्हणणं खरंच होतं.

पण 'जागृतीचा अभाव' हे शब्द माझ्या प्रबंधात अजून छापलेले आहेत. सही हवी होती.