कॉपीराइट आणि इंटरनेटचा कायदा शिकवायचाय, जमेल का?

प्रश्न: सर नमस्कार, मी नांदेडची, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आयपीआरचा, म्हणजे बौद्धिक संपदा हक्कांचा पेपर होता तेव्हापासून कॉपीराइट आणि इंटरनेटचा कायदा या विषयाने डोकं पार व्यापलंय, यातच एलएलएम, पीएचडी करून प्राध्यापक व्हायचंय. पण बाबा म्हणतात सनद (वकिलीचा परवाना) घे आणि कोर्टात उभी राहा, शिकवून काय मिळणार? माझ्याकडे एनएलयूचा (राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा) शिक्का नाही, कॉम्प्युटरचं शिक्षणही नाही. करू की नको?

उत्तर: कर, आणि सनदही घे. पूर्णवेळ प्राध्यापक झालीस की वकिली थांबवावी लागते हे खरंय, पण वकिली करत करत दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला केंद्र सरकारच्या नियमांनी परवानगी आहे, त्यामुळे कायमची नोकरी लागेपर्यंत दोन्ही रेटता येतं.

बाबांचा खरा प्रश्न पैशांचा आहे आणि तो रास्त आहे. एलएलएमला 55 टक्के आणि नेट ही देशपातळीची किंवा सेट ही आपली राज्याची पात्रता परीक्षा पास, एवढं असलं की असिस्टंट प्रोफेसरला अर्ज करता येतो, सातव्या वेतन आयोगात त्याचं मूळ वेतनच 57,700 आहे. पण ग्रँटेड, म्हणजे सरकारी अनुदान असलेल्या कॉलेजात जागा निघायला वर्षं जातात आणि तोवर कित्येक हुशार मुलं सीएचबीवर, म्हणजे कायम नोकरीशिवाय तासाच्या हिशोबाने राबतात, हे मला अजिबात पटत नाही पण तुला आधी माहीत हवं. म्हणून नेट नुसती पास होऊ नकोस, जेआरएफ, म्हणजे त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती काढ. महिन्याला 37,000 मिळतात आणि पीएचडी घरच्यांवर भार न टाकता होते.

कोडिंग यायला हवंच असं नाही. सर्व्हर म्हणजे काय, अपलोड केलेली फाइल कुठे कुठे कॉपी होते, एवढं नीट समजून घे.

शिक्क्याचं म्हणशील तर पहिली मुलाखत मिळायला तो उपयोगी पडतो, नंतर तू काय लिहिलंस तेच बघतात. या विषयात प्राध्यापकाचं म्हणणं कोर्टापर्यंत जातं, म्हणून मला तो इतका जवळचा वाटतो. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी नावाच्या झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला, पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून मुलांना देतो म्हणून. विद्यार्थी त्यात पडले, शिक्षक पडले, प्रा. शमनाद बशीर यांच्यासारखे कॉपीराइटचे अभ्यासक पडले, आणि 2016 मध्ये दिल्ली हायकोर्टाने कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली शिकवण्यासाठीची सूट वाचून ठरवलं की कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही. आता एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर 2024 मध्ये जो दावा केलाय त्यातही दिल्ली हायकोर्टाने मदतीला जे दोन अमिकस (कोर्टाला मदत करणारे तटस्थ जाणकार) नेमले त्यातले एक, डॉ. अरुल जॉर्ज स्कारिया, प्राध्यापकच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विषय. 'सायबर लॉ इन इंडिया' असला ढगळ विषय घेऊ नकोस, शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या वेबसाइटवर जाऊन बघ, तसल्या प्रबंधांचा ढीग पडलाय. आपल्या आसपासचा एक बारीक प्रश्न धर. म्हणजे बघ, मराठी लेखकाने 1985 साली प्रकाशकाला हक्क लिहून दिले, साधा एक पानी करार, तेव्हा ई-बुक नव्हतं, ऑडिओबुकचं ॲप नव्हतं. आज त्याच पुस्तकाचं ऑडिओबुक निघालं तर पैसे कुणाचे, प्रकाशकाचे की लेखकाच्या वारसांचे? 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम 18 मध्ये घातलंय की करार केला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं त्याचे हक्क, करारात त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, दिले असं धरायचं नाही. पण ही दुरुस्ती 2012 च्या आधीच्या करारांना लागू होते का? इथे खरी गंमत आहे, इथे प्रबंध आहे. आणि त्यासाठी जुने मराठी करार वाचावे लागतील, पुण्यातल्या प्रकाशकांकडे जाऊन बसावं लागेल, लेखकांच्या घरच्यांशी बोलावं लागेल, हे काम मोठ्या लॉ स्कूलमधल्या मराठी न येणाऱ्या मुलापेक्षा तुला कितीतरी सोपं जाईल. शोधनिबंध मात्र इंग्रजीतच लिहावे लागतील, त्याची सवय आत्तापासून लाव, आठवड्याला एक निकाल इंडियन कानून या निकालांच्या वेबसाइटवरून पूर्ण वाच, हेडनोट (वरचा सारांश) नाही, पूर्ण, आणि दोन पानांत तुझं मत लिही, कोर्ट चुकलं असं वाटलं तर तसंही लिही.

एलएलएम कुठे करायचं ते ठरवताना कॉलेजच्या नावाआधी तिथे कॉपीराइट कोण शिकवतं आणि त्यांनी गेल्या चार-पाच वर्षांत काय लिहिलंय ते बघ. एक वर्षाचा कोर्स घेतलास तर प्रबंधाला वेळ कमी मिळतो, तेव्हा तो कराराचा प्रश्न मनात पक्का करूनच ॲडमिशन घे.