पेपर फुटला तरी परीक्षा रद्द का होत नाही?

प्रश्न: माझी मुलगी नीटची रिपीटर आहे, लातूरला क्लास लावलाय. 2015 ला पेपर फुटला तेव्हा सुप्रीम कोर्टाने सगळी परीक्षाच रद्द केली, मग 2024 ला फुटलाय हे मान्य करूनसुद्धा का नाही केली? पुढे असं झालं तर आम्ही कोर्टात जावं का?
— एक आई, लातूर

उत्तर: ताई, पेपर फुटला की नाही एवढ्यावर कोर्ट थांबत नाही. ज्यांना फायदा झाला ती मुलं बाकीच्यांतून वेगळी काढता येतात का, हा खरा मुद्दा असतो. 2015 च्या एआयपीएमटीला (नीटच्या आधीची मेडिकल प्रवेश परीक्षा) सिम लावलेल्या बनियनमधून आणि ब्लूटूथवरून उत्तरं सेंटरमध्ये पोचवली होती, पोलिसांना 44 मुलं सापडली पण आणखी किती ते कुणालाच सांगता येईना, म्हणून 15 जूनला सहा लाखांवर मुलांची परीक्षा रद्द झाली आणि 25 जुलैला परत घेतली.

2024 ला तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या बेंचने झारखंडमधल्या हजारीबागला आणि पाटण्यात पेपर फुटला हे मान्य केलं, सीबीआयच्या तपासात फायदा घेतलेली साधारण 155 मुलं दिसत होती, नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेला सेंटरवाईज मार्क जाहीर करायला लावले, आणि गडबड देशभर पसरल्याचा पुरावा नाही म्हणून 23 जुलैला फेरपरीक्षा नाकारली. 23 लाखांवर मुलं बसलेली, त्यात प्रामाणिक मुलंच जास्त, त्यांना परत बसवणं हाही अन्यायच झाला असता, त्यामुळे निकाल मला पटतो. पण 155 हा तेव्हापर्यंत सापडलेला आकडा होता, तेवढेच होते याची खात्री तुमच्या मुलीला कोण देणार? आणि वेळ वाया गेला म्हणून 1563 मुलांना एनटीएने कुणाला न सांगता ग्रेस मार्क दिले, ओरड झाल्यावर काढून घेतले, 23 जूनला परत परीक्षा ठेवली तर त्यातली 813 च बसली. विश्वास उडाला तो अशा कारभाराने, आणि याचा मला अजूनही संताप येतो.

आता कोर्टात जायचं का. पूर्ण परीक्षा रद्द करा म्हणून एकट्याने जाऊ नका, त्याला अनेक सेंटरचा पुरावा लागतो आणि टेलिग्रामच्या स्क्रीनशॉटवर काही उभं राहत नाही, 2024 ला असाच एक 4 मे तारखेचा, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशीचा, व्हिडिओ फिरला आणि त्यावरची वेळ बदललेली आहे असं एनटीएने कोर्टात सांगितलं. पण स्वतःच्या मुलीचं नुकसान झालं असेल, म्हणजे चुकीचा पेपर मिळाला, वेळ कमी मिळाला, ओएमआरमध्ये (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेत) घोळ झाला, तर हायकोर्टात जाता येतं आणि लगेच जायचं, ॲडमिशनचे राउंड सुरू झाले की कोर्टही हात आखडतं. सेंटरवर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ओएमआरची कॉपी आणि आन्सर की जपून ठेवा, आन्सर की चुकीची वाटली तर मुदतीत फी भरून चॅलेंज करा.

आणि आधी पेपर देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर थेट पोलिसात जा. जून 2024 पासून पेपरफुटीचा केंद्राचा नवीन कायदा लागू झालाय, टोळीला 5 ते 10 वर्षं तुरुंग आणि किमान एक कोटी दंड आहे, आणि पेपर घेतलेला विद्यार्थी सापडला तर परीक्षेच्या नियमांनुसार त्याचीही परीक्षा आणि ॲडमिशन जाते.