‘भर’, ‘जास्त भर’ आणि ‘महत्त्व’

एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील ‘ईएम’ आणि ‘स्ट्राँग’ या टॅगांना, म्हणजे मजकुराच्या तुकड्याची भूमिका सांगणाऱ्या खुणांना, मराठीत अनुक्रमे ‘भर’ आणि ‘जास्त भर’ म्हणावे का, असा प्रश्न आला आहे. १९९७च्या एचटीएमएल ४ला ही जोडी शोभली असती, कारण त्यात ‘स्ट्राँग’ची व्याख्या अधिक तीव्र भर अशीच होती. २०१४मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ने मात्र हे दोन टॅग एकाच शिडीच्या पायऱ्या मानणे सोडून दिले, आणि मला ते सर्वस्वी योग्य वाटते.

‘तिने मला पत्र लिहिले’ या वाक्यात ‘मला’वर भर दिला तर दुसऱ्या कोणाला नाही असे कळते, आणि ‘पत्र’वर दिला तर दुसरे काही नाही असे. शब्द तेच राहून अर्थ हलतो. हे काम ‘ईएम’चे. ‘हे द्रावण उघड्या हाताने हाताळू नये’ ही सूचना ‘स्ट्राँग’मध्ये घातली, तर तिचा अर्थ तसूभरही बदलत नाही, फक्त ती नजरेतून सुटता कामा नये एवढे कळते. त्याच सूचनेतील ‘उघड्या’ या एका शब्दाला आतून ‘ईएम’ लावता येतो, यावरूनच दोन्ही गोष्टी स्वतंत्र असल्याचे दिसते. म्हणून मी ‘भर’ आणि ‘महत्त्व’ हे शब्द सुचवेन. ‘तिरपा’ आणि ‘ठळक’ ही केवळ रूपाची नावे आहेत. ती इथे नकोत.

मग कमीजास्त भर दाखवायचा कसा? एचटीएमएल ५मध्ये ‘ईएम’च्या आत ‘ईएम’ घातला की भराची पातळी एकाने वाढते, ‘स्ट्राँग’चेही तसेच. त्यामुळे प्रत्येक पातळीसाठी निराळे नाव लागत नाही. लाटेक या मजकूर-जुळणीच्या प्रणालीमध्ये तिरप्या मजकुराच्या आत पुन्हा भर दिला तर अक्षरे सरळ होतात, म्हणजे पातळी वाढली तरी डोळ्याला दिसतो तो फक्त वेगळेपणा.

मराठीत आणखी एक विचार करावा लागतो. आपला बराचसा भर ‘च’ आणि ‘ही’ हे शब्दच वाहतात, त्यामुळे ‘मलाच’ असे लिहिल्यावर वेगळा टॅग बहुधा लागत नाही. जिथे लागतो, तिथे अक्षरे तिरपी करण्याची रीत देवनागरीच्या वळणातली नाही, आणि अक्षरांमधले अंतर वाढवावे तर शिरोरेखाच तुटते. त्यामुळे देवनागरी मजकुरात ‘ईएम’साठी रंगाची किंवा जाडीची किंचित वेगळी छटा ठरवून द्यावी.