ॲलनला मॅच आहे? मग हे वाचून जा

मुलगा यंदा पहिल्यांदा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये आलाय आणि पहिलीच बाहेरची मॅच टेक्ससच्या ॲलनमध्ये, म्हणजे तुमची थेट खोल पाण्यातच उडी. 18,000 खुर्च्यांचं ईगल स्टेडियम, तेही शाळेचं! 2012 साली सहा कोटी डॉलर खर्चून बांधलं आणि दीडेक वर्षात काँक्रीटला तडे गेले म्हणून बंदही ठेवावं लागलं होतं. (आपल्याकडचे पूल आठवले ना?)

खरा त्रास आवाजाचा. चेंडू त्यांच्या पोरांकडे असला की स्टँड चिडीचूप. आपल्या पोरांकडे आला रे आला की आरोळ्या, पायांनी बाकं बडवणं. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सांगणारा मुख्य खेळाडू, ओरडतोय ते दोन हातांवरच्या गड्याला ऐकू येत नाही. कुणीतरी खेळी सुरू व्हायच्या आधीच हलतो आणि दंड म्हणून टीम पाच यार्ड मागे. माझा मुलगा पहिल्या वर्षी असा दोनदा हलला, घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही. म्हणून आठवडाभर सरावात मोठ्याने स्पीकर लावतात, हाताच्या खुणांवर खेळतात. घरी त्याला त्याबद्दल छेडू नका.

तुमचं म्हणाल तर टोपी न्या. बऱ्याच मैदानांवर पाहुण्यांची बाजू पूर्वेला असते, मावळतीचं ऊन सरळ डोळ्यांत. पिशवी पारदर्शकच हवी. चिवड्याचा डबा गाडीतच राहू द्या.

ओहायोतल्या मॅसिलनला जायची वेळ आली तर वेगळं सांगेन. तिथे नवजात मुलाच्या पाळण्यातच फुटबॉल ठेवायची जुनी रीत.