लिमिटिंग रिएजंट शिकवायला वडापाव का चालत नाही?

तुमचा प्रश्न असा: अकरावीची मुलं लिमिटिंग रिएजंटची (अभिक्रियेत जो घटक आधी संपतो आणि किती पदार्थ तयार होईल ते ठरवतो, त्याची) गणितं पाठ करून सोडवतात, आकडे बदलले की अडकतात, मग खाण्याच्या पदार्थांवरून हे कसं शिकवावं?

सुरुवात बहुतेक जण वडापावने करतात: १ पाव, १ वडा, १ वडापाव. हे उदाहरण मी टाळतो. प्रमाण एकास एक असलं की 'जे कमी, तेच आधी संपणार' हा नियम दर वेळी बरोबर येतो आणि मुलं नेमकी तीच चुकीची समजूत पक्की करून घेतात. त्याऐवजी मिसळ घ्या. १ प्लेट म्हणजे १ वाटी मिसळ आणि २ पाव. आता विचारा, ७ वाट्या मिसळ आणि १० पाव आहेत, तर किती प्लेट तयार होतील? पाव संख्येने जास्त, तरी ५ प्लेटांनंतर पावच संपतात आणि २ वाट्या मिसळ उरते. इथेच फळ्यावर रीत लिहून टाका: प्रत्येक घटकाची संख्या त्याच्या सहगुणकाने (प्रमाणातल्या आकड्याने) भागायची, ज्याचं उत्तर लहान तो लिमिटिंग. ७÷१ = ७, १०÷२ = ५. मोलच्या (डझनासारखीच, पण कणांची ठरावीक प्रचंड संख्या) गणितात हीच पायरी जशीच्या तशी येते.

मुलं खरी अडकतात ती पुढे, वजन आलं की. रासायनिक समीकरण नगांत बोलतं, तराजू ग्रॅममध्ये. हा सांधा हाताने जोडून दाखवावा लागतो. त्यासाठी शेंगदाणे आणि फुटाणे पुरतात. आधी २० शेंगदाणे आणि २० फुटाणे वेगवेगळे तोलून एका दाण्याचं सरासरी वजन काढायला सांगा. समजा ते ०.५ ग्रॅम आणि ०.२ ग्रॅम आलं. मग दोन्ही २०-२० ग्रॅम द्या आणि अट घाला: एका पुडीत १ शेंगदाणा, ४ फुटाणे, आणि मोजायचं नाही, फक्त तोलायचं. २० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे ४० नग, २० ग्रॅम फुटाणे म्हणजे १०० नग. १००÷४ = २५ पुड्या. फुटाणे संपले, १५ शेंगदाणे उरले, म्हणजे ७.५ ग्रॅम. पुड्यांचं वजन ३२.५ ग्रॅम, उरलेलं ७.५, बेरीज ४०. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम वेगळा सांगावा लागत नाही. 'एका दाण्याचं वजन' या जागी मोलर वस्तुमान (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) ठेवलं आणि 'नग' या जागी मोल, की पुस्तकातलं गणित तयार.

फक्त एक गोष्ट स्पष्ट सांगा. पुडीत शेंगदाणा शेंगदाणाच राहतो, अभिक्रियेत नवा पदार्थ तयार होतो. आणि भाजीत मीठ थोडं कमीजास्त झालं तरी भाजी होते, अभिक्रियेचं प्रमाण मात्र कुणाच्या अंदाजावर हलत नाही. म्हणून तिसरी पायरी खऱ्या अभिक्रियेची हवी, आणि तीही स्वयंपाकघरातलीच: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल. प्रमाण एकास एक मोल, मोलर वस्तुमानं ८४ आणि ६०.

बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं व्हिनेगर घ्या. ५० मिलीमध्ये साधारण २ ग्रॅम अॅसेटिक आम्ल, म्हणजे ०.०३३ मोल. त्याला २.८ ग्रॅम सोडा पुरतो. अर्ध्या लिटरच्या पाच सारख्या बाटल्यांत ५०-५० मिली व्हिनेगर ओता. पाच फुग्यांत १, २, ३, ४, ५ ग्रॅम सोडा कागदाच्या नरसाळ्याने भरा. फुगे आधी एकदा फुगवून सैल करून घ्या, बाटलीच्या तोंडावर ताणून बसवा आणि मग उलटा करून सोडा आत पाडा. पहिले तीन फुगे वाढत जातात, पुढचे दोन तिसऱ्याएवढेच राहतात. तो थांबलेला फुगा हाच तुमचा धडा.

इथे हमखास होणारा घोटाळा: मुलं दोऱ्याने घेर मोजतात आणि 'सोडा दुप्पट केला, फुगा दुप्पट का नाही झाला?' म्हणतात. वायूचं आकारमान दुप्पट झालं तरी घेर सुमारे सव्वापटच वाढतो, कारण आकारमान त्रिज्येच्या घनावर अवलंबून असतं. घेर साधारण २५, ३२ आणि ३६ सेंमीच्या आसपास यायला हवेत. मोजणी लगेच करा, कार्बन डायऑक्साइड रबरातून झिरपतो. एक ग्रॅमच्या घरगुती काट्यावर हे जमणार नाही, ०.१ ग्रॅमचा हवा. सोड्याऐवजी बेकिंग पावडर किंवा इनो वापरू नका. त्यांत आम्ल आधीच मिसळलेलं असतं, सगळा हिशेब कोलमडतो.

मग उरलेलं शोधायला लावा. पहिल्या बाटलीत चिमूटभर सोडा टाकला तर फसफसतं, म्हणजे आम्ल उरलंय. पाचवीत चमचाभर व्हिनेगर घातलं तर फसफसतं, म्हणजे सोडा उरलाय. हे हाताने केलेल्या मुलाला 'एक्सेस' (जास्तीचा, उरणारा घटक) शब्दाची व्याख्या लिहून द्यावी लागत नाही. हुशार वर्ग असेल तर उलट काम द्या: फुगा वाढायचा थांबतो त्या सोड्याच्या वजनावरून व्हिनेगरची खरी तीव्रता काढा. १ ग्रॅमच्या टप्प्यांऐवजी २ ते ३.५ ग्रॅममध्ये पाव-पाव ग्रॅमचे टप्पे घ्यावे लागतील, आणि त्यासाठी काटा ०.०१ ग्रॅमचा लागेल.

गृहपाठाला ढोकळा द्या. सायट्रिक आम्लाच्या (लिंबूसत्त्वाच्या) १ मोलला सोड्याचे ३ मोल लागतात. निर्जल सायट्रिक आम्ल १.९२ ग्रॅम (मोलर वस्तुमान १९२) आणि सोडा ३.५ ग्रॅम घातला तर काय उरेल? ०.०१ मोल आम्लाला २.५२ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे जवळपास १ ग्रॅम सोडा शिल्लक. ढोकळ्याला साबणासारखी चव येते ती यामुळे. पिठात ताक असेल तर त्यातलं लॅक्टिक आम्ल थोडा सोडा खातं, तेही विचारा. आणि हळद घातलेल्या ढोकळ्यावर लाल ठिपके दिसले तर सोडा एकूण जास्तच झालाय असं लगेच म्हणू नका. बरेचदा तो नीट विरघळलेला नसतो आणि जिथे गुठळी राहिली तिथेच हळद लाल होते.