बेळगावच्या झूमध्ये हत्ती-जिराफ का नाहीत? कुठले मोठे प्राणी असावेत?

तुम्ही लिहिलंय, मुलांना बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या झूला नेलं, वाघ-सिंह पाहिले, पण हत्ती, जिराफ, पाणघोडा नाहीत म्हणून मुलं हिरमुसली. मग शहराच्या झूमध्ये मोठे प्राणी कुठले ठेवायचे हे ठरवायचं कसं? माझी सगळी नोकरी खानापूर तालुक्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून गेली, त्यामुळं मी याकडं गोठ्यातल्या नजरेनं बघतो. जनावर आणायच्या आधी त्याला चारा, पाणी, जागा कुठून देणार ते बघायचं.

हत्तीचं आधी सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात सर्कस आली होती. तिच्यातल्या हत्तिणीचा पाय बघायला मला बोलावलं. तळव्याला बोट जाईल एवढी भेग, आत खडी रुतलेली, खाली बसलो तर कुजका वास. मी जखम धूत होतो तेव्हा ती एका जागी उभी, डोकं मात्र एकसारखं डावीकडून उजवीकडं हलवत होती. बाहेर जमलेली पोरं ओरडत होती, हत्ती नाचतोय! बांधून घातलेलं जनावर कंटाळून तसं डोलतं. जंगलात हत्ती दिवसाचा बराचसा वेळ चालत चरतो, दीडशे-दोनशे किलो चारा खातो, कळपात राहतो. काँक्रीटवर उभा केला की सगळ्यात आधी त्याचे पाय जातात. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं 2009 मध्ये झूमधले हत्ती वनखात्याच्या हत्ती-छावण्यांत हलवायला सांगितलं, ते मला शंभर टक्के पटतं.

पाणघोडा पाण्यातच हगतो, म्हणून हौदातलं पाणी सारखं बदलावं लागतं. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी राकसकोप जलाशयाच्या पातळीकडं डोळे लावून बसणाऱ्या शहराला ते परवडायचं नाही. जिराफाचं म्हणाल तर आपल्याकडच्या झडीत तेवढं उंच जनावर चिखलात घसरून पडलं तर त्याला उठवणार कसं?

ज्यांना परत जंगलात सोडता येत नाही, त्यांना मी पहिली जागा देईन. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ कोर्समध्ये बिबट्या शिरला होता, आठवतं ना? शाळा बंद ठेवाव्या लागल्या, त्याला शोधायला शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलूच्या छावणीतून हत्ती आणले, तरी तो काही हाती लागला नाही. असा एखादा सापडला आणि त्याचे सुळे तुटलेले असले, किंवा उसाच्या फडात आईविना सापडलेलं पिल्लू माणसांच्या हातावर वाढलं, तर त्याला सोडायचं कुठं? बिबट्याच्या जोडीला किमान 500 चौरस मीटर, म्हणजे पाचेक गुंठे मोकळी जागा लागते. वाघाच्या जोडीला त्याच्या दुप्पट. सोडता न येणाऱ्या अस्वलालाही जागा द्यावी, त्याला आपली हवा मानवते. बेंगळुरूच्या बन्नेरघट्टा झूमधून 2021 मध्ये सिंह आणले, ते इथं रुळले. पण नव्या सिंहापेक्षा जखमी बिबट्यासाठी एक पिंजरा रिकामा ठेवलेला मला जास्त आवडेल.

गवा ठेवावा असं खूप वाटतं. आपल्या खानापूरचा प्राणी, पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. पण गावातल्या गुरांना होणारे लाळ-खुरकत, घटसर्प असले रोग त्यालाही लागतात. 2025 च्या नोव्हेंबरात भुतरामहट्टीला चार-पाच दिवसांत तीसच्या आसपास काळविटं घटसर्पानं गेली. ती बातमी वाचली त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. हा रोग मी गोठ्यात पाहिलाय. सकाळी ताप, गळ्याला सूज, घरघर, आणि दुसऱ्या दिवशी दावण रिकामी. आपला शेतकरी पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना त्याची लस टोचून घेतो. हरणांना मात्र एकेकाला धरून टोचणं अवघड, धरपकडीच्या धसक्यानंच मरतात. म्हणून नवीन खूरवाला प्राणी आणण्याआधी वेगळा ठेवायची जागा आणि चोवीस तास डॉक्टर हवा. ते होईपर्यंत गवा नको.

मुलांना गवा दाखवायचाच असेल तर पाऊस ओसरल्यावर दिवस मावळायच्या आधी जांबोटी-कणकुंबीच्या जंगलातल्या रस्त्यानं सावकाश गाडी न्या, काचा खाली, हॉर्न नाही. दिसेलच असं नाही, पण रस्त्याच्या कडेला ताजं शेण दिसलं तर गाडी थांबवून, आतच बसून दहा मिनिटं कान द्या.