परसातलं रोप: उपटायचं की राखायचं?

प्रश्न: पाऊस पडला की परसात नाना रोपं उगवतात. गाजरगवत आणि घाणेरी काढायची आहे, पण भरात देशी रोपंही उपटली जातात. कोवळेपणी ओळखायचं कसं?

उत्तर: गाजरगवताची पहिली पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात आणि गाजराच्या पानांसारखी खोल कातरलेली असतात. घोटाळा होतो तो देशी ढोरदवण्याशी. काडीने पान उलटून पाहा. खालून पांढरट, लोकरीसारखी लव दिसली तर तो ढोरदवणा, त्याला राहू द्या. दोन्हीकडून हिरवं असेल तर गाजरगवत. ते उघड्या हाताने चुरगाळू नका, त्वचेला खाज सुटून पुरळ उठतो. माती ओली असताना, फुलं येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा. तेव्हा ते कंपोस्टमध्येही चालतं. फुलावर आलेलं मात्र खड्ड्यात कधीच टाकू नका. एकेका झाडाला १०,०००हून जास्त बिया येऊ शकतात आणि तेच खत तुम्ही पुढे वाफ्यात पसरता.

घाणेरीची ओळख बोटांना पटते: चौकोनी खोड, त्यावर आकडीसारखे काटे, खरखरीत पान आणि उग्र वास. देशी निर्गुडीच्या एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका असतात, काटा नसतो. घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटवे येतात, आणि बहुतेकांचे श्रम इथेच वाया जातात. कुदळीने खोडाभोवतीची माती सारून मुळाचा गड्डा जमिनीखाली साधारण ५ सेंमीवर तोडा आणि उलटा करून वाळू द्या. गुरांना पाला लागू देऊ नका, तो विषारी असतो. मोकळ्या झालेल्या जागी लगेच निर्गुडीचे छाट लावा. उघड्या मातीत घाणेरीचंच बी पुन्हा रुजतं, कारण पक्षी ते आणत राहतात.

प्रश्न: कुंपणालगतची बाभूळ देशी आहे का?

उत्तर: फूल पिवळं नि गोल, शेंग मण्यांच्या माळेसारखी, काटे पांढरे आणि सरळ असतील तर देशी बाभूळ. काटे नाहीत, फूल पांढरं नि गोल, चपट्या शेंगांचे घोस लोंबताहेत, तर सुबाभूळ. काटे आहेत पण फुलोरा गोल नसून लांबट तुरा असेल, तर वेडी बाभूळ. सुबाभळीची रोपं वीतभर असतानाच उपटा. नंतर सोटमूळ खोल जातं आणि तोडलेला बुंधा पुन्हा फुटतो.

परदेशी म्हणून सरसकट कुऱ्हाड चालवू नका. अंगणातला देवचाफाही (सोनचाफा नव्हे) अमेरिका खंडातलाच, पण तो आपणहून रान माजवत नाही.